कायदा म्हणजे नुसतं राजकारण? स्मॉल कॉजच्या जिन्यावरून सीएलएस

भाच्याचं एलएलएम चालू आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲप, "मावशी, क्रिटिकल लीगल स्टडीज व्हॅलिड आहे का गं? एका ओळीत सांग, उद्या प्रेझेंटेशन आहे." एका ओळीत सांगायला मी काय रिक्षाच्या मागची पाटी आहे? त्याला "झोप आता" एवढंच लिहिलं, पण विषय काही डोक्यातून जाईना, कारण मी गेली कित्येक वर्षं धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात भाड्याच्या मॅटर चालवतेय आणि कायदा म्हणजे नक्की काय असतं हा प्रश्न तिथल्या जिन्यावर जितका पडतो तितका लायब्ररीत बसून कधी पडला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १९७७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात काही तरुण लॉ प्रोफेसर जमले आणि तिथून क्रिटिकल लीगल स्टडीज उर्फ सीएलएस ही चळवळ सुरू झाली. डंकन केनेडी, रॉबर्टो उंगर, मॉर्टन हॉर्विट्झ, मार्क टश्नेट ही त्यातली मोठी नावं. ही पिढी व्हिएतनाम युद्ध आणि काळ्यांची नागरी हक्कांची चळवळ बघत मोठी झालेली, त्यामुळे कायदा न्यूट्रल असतो वगैरे ऐकलं की यांच्या कपाळावर आठ्या. त्यांचं म्हणणं, सगळ्यांचं अगदी सारखं नाही पण ढोबळमानाने, असं की पुस्तकात जे लिहिलंय त्यावरून निकाल ठरतच नाही, त्याच कलमातून आणि त्याच जुन्या निकालांतून दोन उलटे निकाल तितक्याच सफाईने काढता येतात, मग जज त्यातला एक निवडतो तो त्याच्या मनातल्या राजकारणावरून. राजकारण म्हणजे पक्षाबिक्षाचं नाही हं, समाज कसा असावा, कुणाचं कुणी ऐकावं, याबद्दलच्या मुरलेल्या समजुती. आणि एकदा निवडला की तो निकाल "कायद्याप्रमाणे दुसरं काही होऊच शकत नव्हतं" अशा भाषेत लिहिला जातो, त्यामुळे हरलेला माणूस पण मान खाली घालून घरी जातो.

हे अगदीच नवीन नव्हतं. अमेरिकन न्यायाधीश होम्सने १८९७ मध्येच म्हणून ठेवलं होतं की वकिलाच्या दृष्टीने कायदा म्हणजे कोर्ट प्रत्यक्षात काय करेल याचं भाकीत, बाकी काही नाही. तिथल्याच लेवेलिन या लॉ प्रोफेसरने १९५० मध्ये कायद्याचा अर्थ लावायच्या नियमांची यादी मांडली आणि प्रत्येक नियमासमोर त्याच्या बरोबर उलटा नियम लिहून दाखवला, तोही कोर्टांनी तितकाच मानलेला. क्रिट लोकांनी (त्यांना तसंच म्हणतात) ह्याच्यावर मार्क्सचा आणि फ्रेंच तत्त्वज्ञांचा मसाला घातला आणि म्हणाले की हा गोंधळ नाहीये, यातूनच विषमता टिकवली जाते.

आता हे खरं आहे का? कोर्टात जे घडतं त्यापुरतं बोलायचं तर बरंचसं खरं आहे, आणि हे मान्य करायला वकिलांना लाज वाटायचं कारण नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १६ बघा. मालकाला जागा स्वतःसाठी खरोखर हवी असेल तर तो ताबा मागू शकतो, याला आम्ही बोनाफाईड रिक्वायरमेंट म्हणतो. पण त्याच कलमात पुढे अट आहे की ताबा दिल्याने भाडेकरूला जास्त त्रास होणार असेल तर डिक्री, म्हणजे ताब्याचा हुकूम, द्यायची नाही. जास्त त्रास कुणाला, हे कसं मोजणार? कायदा म्हणतो सगळी परिस्थिती बघा. बस, एवढंच. गिरगावातली एक मॅटर, तपशील बदलून सांगते. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, दोन खोल्यांत सहा माणसं, त्याला वरच्या मजल्यावरची खोली हवी. भाडेकरू दोन भाऊ, एकाने विरारला वन बीएचके घेतलेला, पण रेशन कार्ड, मुलांची शाळा, म्हातारी आई सगळं गिरगावात. मालकाचा वकील म्हणतो यांच्याकडे पर्यायी जागा आहे. आम्ही म्हणतो विरार ही फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाची पर्यायी जागा कशी होईल हो. दोन्ही बाजूंकडे सायटेशनचे, म्हणजे जुन्या निकालांच्या दाखल्यांचे, गठ्ठे, पिवळे फ्लॅग लावलेले, दोन्हीकडे हायकोर्टाचे निकाल, आणि कुणाचंही सायटेशन खोटं नाही. माझे सिनियर, ज्यांच्याकडे मी काम शिकले, आर्ग्युमेंटच्या आदल्या दिवशी म्हणाले, "जजसाहेब कुठून येतात ते आधी विचारून ठेव. विरारवरून येत असतील तर विरार लांब आहे म्हणून रडत बसू नकोस." सरांनी उंगर वाचलेला नव्हता. गरजही नव्हती.

वरच्या कोर्टातही तेच. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम २०१३ मध्ये सुरेश कुमार कौशलच्या निकालात सुप्रीम कोर्टाने टिकवलं आणि २०१८ मध्ये नवतेज सिंग जोहरच्या निकालात सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं, आणि मधल्या पाच वर्षांत राज्यघटनेचं समानतेचं कलम काही कुणी बदललं नव्हतं. व्यभिचाराचं ४९७ कलम १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी वैध ठरवलं आणि २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या खंडपीठात त्यांचेच चिरंजीव. मग घटना बोलली का जज बोलले? इथे क्रिट लोक टाळ्या वाजवणार आणि त्यांचा हक्कच आहे.

मुंबईत याहून भारी उदाहरण आहे, गिरण्यांच्या जमिनीचं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ असा होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो बदलला, आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असं झालं. आता मोकळी म्हणजे कधी मोकळी? आजच मोकळी पडलेली, का शेड पाडल्यावर मोकळी होणारी पण? पहिला अर्थ घेतला तर शहराच्या वाट्याला जवळपास काही उरत नाही, कारण गिरणीच्या आवारात आधीच सगळीकडे शेड. दुसरा घेतला तर लोअर परळ वेगळं दिसलं असतं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २००५ मध्ये दुसरा अर्थ घेतला. सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये तो उलटवला. नियम तोच, वाक्य तेच, न्यायमूर्ती सगळेच विद्वान, आणि मध्ये सुमारे सहाशे एकर जमिनीचं भवितव्य. सेनापती बापट मार्गावरून एकदा मान वर करून चाललात तरी तो निकाल दिसतो, वाचायची गरज नाही.

इथपर्यंत मी सीएलएसच्या बाजूला. भाच्याला एवढंच हवं असतं तर त्याला गिरणी दिली असती आणि झोपले असते.

पण जरा थांबा. ही २००१ ची दुरुस्ती केलीच कशाला?

म्हणजे बघा, कायदा जर इतका लवचिक असतो की त्यातून कोणीही काहीही काढू शकतो, तर ज्यांना जमीन द्यायची नव्हती त्यांना १९९१ चा नियम बदलून घ्यायची काय गरज होती? चांगला महागडा वकील लावायचा, जुन्याच नियमातून हवा तो अर्थ काढायचा, काम झालं. तसं झालं नाही, कारण जुना नियम खरोखर अडवत होता. दहा वर्षं अनेक मालकांनी जमिनीला हातच लावला नाही, कारण लावला की दोन तृतीयांश द्यावी लागणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. जो नियम पैसेवाल्या माणसाला दहा वर्षं गप्प बसवतो त्याला अनिश्चित म्हणणं मला जरा जड जातं. राजकारण झालं, भरपूर झालं, पण ते नियम बदलताना झालं. बदललेल्या नियमात एक ढिला शब्द राहिला म्हणून कोर्टात दुसरं राजकारण झालं, ते वेगळं.

आणि याच गिरण्यांची आधीची गोष्ट घ्या, ती तर सीएलएसला अजूनच अवघड जाते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या चाळीत त्या काळाबद्दल म्हातारी माणसं अजून बोलतात, कुणी भांडी विकली, कुणी गावी गेलं ते परत आलंच नाही. कामगारांची मागणी फक्त पगाराची नव्हती, एक मोठी मागणी होती की बीआयआर ॲक्ट रद्द करा. बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, १९४६ चा. या कायद्यात एका उद्योगात एका भागापुरती एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाशी बोलायचा अधिकार तिलाच, आणि तो दर्जा होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार कोणाच्या मागे उभे आहेत ते रस्त्यावर दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं, पण कायद्याच्या वहीत दुसरंच नाव. संप बेकायदेशीर ठरला. मालक म्हणाले आम्ही सामंतांशी बोलू शकत नाही, कायदाच तसा आहे. आणि मुद्दा हा की ते खोटं बोलत नव्हते! कायदा खरंच तसा होता.

यात कुठे आहे ती अनिश्चितता? कुठल्या जजने मनातलं राजकारण कलमात घुसवलं? कोणाला घुसवायची गरजच पडली नाही, कारण जे करायचं होतं ते १९४६ मध्येच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. मुंबईच्या इतिहासात कायद्याने कामकरी माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान जिथे केलं तिथे कायदा अजिबात धूसर नव्हता.

मला सीएलएसची खरी अडचण इथे वाटते, आणि ती मी भाच्याला सांगणार आहे. ते दोन गोष्टी एका श्वासात म्हणतात. एक, कायद्यातून काहीच ठरत नाही. दोन, कायदा कायम वरच्या माणसाच्या बाजूला झुकलेला असतो. अरे, ज्यात ठरलेलं काहीच नाही ते झुकणार कुठे? झुकायला काहीतरी वजन लागतं की नाही? ते यावर म्हणतात की झुकाव जजच्या डोक्यात असतो, कायद्यात नाही. स्मॉल कॉजच्या विरारवाल्या मॅटरमध्ये हे चालेल. बीआयआरमध्ये नाही चालत. तिथे झुकाव कागदावर होता, नंबर घातलेल्या कलमांत होता, आणि जज कोणीही बसवला असता, अगदी सामंतांचा मित्र बसवला असता, तरी त्याला वही बघूनच बोलावं लागलं असतं.

त्यांचं सगळ्यात चांगलं उत्तर मला माहीत आहे, ते पण सांगते म्हणजे कोणी म्हणायला नको की हिने बुजगावणं उभं करून पाडलं. ते म्हणतील, सोपी केस सोपी वाटते कारण तिथलं भांडण आधीच कोणीतरी जिंकलेलं असतं. नियम स्पष्ट आहे म्हणजे राजकारण नाही असं नाही, राजकारण संपून गोठलंय. हे मला पटतं. याला जोडून त्यांनी रॉबर्ट हेल नावाच्या जुन्या अर्थतज्ज्ञ-वकिलाचं एक म्हणणं उचललंय जे मला फारच उपयोगी वाटतं, की दोन माणसं "मर्जीने" करार करतात तेव्हा त्या मर्जीच्या मागे कायद्यानेच आधी ठरवलेलं असतं की कोण कोणाला किती ताणू शकतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. मुंबईत पूर्वी भाडेकरू केलं की तो जन्माचा चिकटतो म्हणून मालक लीव्ह अँड लायसन्स करायला लागले, म्हणजे तू भाडेकरू नाहीसच, तुला फक्त राहायची परवानगी. मग १९७३ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती केली की १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सी जागेत आहे तो संरक्षित भाडेकरू समजला जाईल. संपलं. ३१ जानेवारीला मालक सांगू शकत होता चल नीघ, दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर हात जोडायची वेळ. भिंती त्याच, नळ तोच, नळाला पाणी येण्याची वेळ तीच. मालकी म्हणजे काही निसर्गाने दिलेली वस्तू नाही, ती अशी एका तारखेने आक्रसते नि फुगते, हे क्रिट लोकांएवढं स्पष्ट कोणी सांगितलं नाही आणि यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

पण गोठलेलं राजकारण ही कल्पना पुढे नेली की त्यांच्याच हातून निसटते. कारण एकदा गोठलं की ते जिंकणाऱ्याचंही ऐकत नाही. १९४७ चा भाडे कायदा घ्या, त्यात भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्ध, लोकांचे लोंढे, घरांची टंचाई, त्या वेळी ते बरोबरच होतं, गरीब भाडेकरूसाठी केलेलं. मग काय झालं? चाळीतल्या माणसाला संरक्षण मिळालं हे खरं, पण त्याच नियमाखाली दक्षिण मुंबईत समुद्रासमोरच्या मोठमोठ्या फ्लॅटमध्ये चांगली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं महिना काही शे रुपयांवर पिढ्यानपिढ्या राहिली, इमारती दुरुस्तीवाचून खचल्या, पागडी हा सगळ्यांना माहीत असलेला आणि कागदावर नसलेला व्यवहार होऊन बसला. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये म्हटलं की ही गोठलेली भाडी आता मनमानी झाली आहेत, मग १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू, त्यात वर्षाला चार टक्के वाढ आणि पागडीला उघड मान्यता. मधल्या पन्नास वर्षांत कितीतरी सरकारं आली गेली, घरमालकांची लॉबी काही कमकुवत नव्हती, पण नियम जागचा हलला नाही. ज्या राजकारणातून तो आला ते केव्हाच मेलं आणि नियम मात्र ठणठणीत. आता याला नुसतं राजकारण म्हणून कसं चालेल. राजकारणाचं मूल आहे, मान्य, पण ते आईबापांपेक्षा जास्त जगलं.

इंग्लंडचा एक इतिहासकार, ई. पी. थॉमसन, स्वतः पक्का डावा, त्याने १९७५ मध्ये १७२३ च्या ब्लॅक ॲक्टवर पुस्तक लिहिलं. जंगलात हरण मारलं, तोंडाला काळं फासून फिरलं की फाशी, असला तो कायदा, श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी केलेला. सगळं पुस्तकभर ते दाखवून शेवटी तो म्हणतो की तरीही कायद्याचं राज्य ही चांगलीच गोष्ट आहे, कारण कायद्याचं सोंग आणायचं तर कधीतरी त्याचे नियम स्वतःलाही लावून घ्यावे लागतात, नाहीतर सोंगावर कोण विश्वास ठेवणार. त्याचे डावे मित्र भडकले म्हणे. आमच्या जिन्यावर हे वाक्य वाचून दाखवलं तर कोणी भडकणार नाही, सगळे म्हणतील बरोबर आहे, पुढची तारीख सांगा.

आता हक्कांबद्दल. सीएलएसमधल्या बऱ्याच जणांना हक्कांची भाषा आवडत नाही. हक्क हक्क करून माणसं एकेकटी पडतात, एकमेकांवर विश्वास ठेवण्याऐवजी कागद पुढे करतात, असं त्यांचं म्हणणं. याला सर्वात झणझणीत उत्तर त्यांच्याच वर्तुळातल्या पॅट्रिशिया विल्यम्स या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने दिलं. ती आणि पीटर गेबल, सीएलएसमधलाच, दोघं एकाच वेळी न्यूयॉर्कमध्ये भाड्याची जागा शोधत होते. गेबलने अनोळखी माणसांच्या हातात नऊशे डॉलर रोख ठेवले, ना करार, ना चावी, ना पावती, त्याला वाटलं माणसाने माणसावर विश्वास ठेवावा. विल्यम्सला मात्र ओळखीच्यांच्या इमारतीतसुद्धा लांबलचक छापील करार हवा होता, कारण काळ्या बाईकडे लोक कायम संशयानेच बघतात आणि कागद असला की निदान व्यवहारात ती बरोबरीची पार्टी ठरते.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे सगळे चेहरे आठवले. मुंबईत कागदाशिवाय जागा कोणाला मिळते? ज्याचं आडनाव चालतं त्याला. ओळखीचा, आपल्यातला, काका म्हणतात राहा रे, नंतर बघू ॲग्रीमेंटचं. ज्याचं आडनाव चालत नाही, किंवा जी बाई एकटी आहे, तिला काय हवं असतं? रजिस्टर्ड ॲग्रीमेंट. एजंट घरी येतो, लॅपटॉप उघडतो, तो छोटा लाल दिव्याचा अंगठ्याचा स्कॅनर काढतो, अंगठा तीनदा उमटत नाही, मग म्हणतो बोट जरा ओलं करा, फोटो काढतो, साक्षीदार म्हणून शेजारच्या काकूंना बोलावतो. ॲग्रीमेंट तर बहुतेक सगळं मालकाच्या बाजूचं असतं, लायसन्सीला कुठलाही भाडेकरूचा हक्क नाही, मुदत संपून बसलात तर दुप्पट रक्कम. तरी माझ्या एकट्या राहणाऱ्या अशीलबाई, नर्स आहेत, तो कागद लॅमिनेट करून ठेवतात. सोसायटीच्या सेक्रेटरीने पाहुणे आलेले चालत नाहीत म्हणून गेटवर अडवलं तर त्या ओरडत नाहीत, फोनमध्ये पीडीएफ काढतात आणि विचारतात यात कुठे लिहिलंय दाखवा. सेक्रेटरी चष्मा शोधायला लागतो. या सगळ्यात जज कुठे आला? कोर्ट कुठे आलं? कायदा आपलं काम करून मोकळा, एकही वकील न लावता (आमच्या पोटावर पाय, पण असो).

झोपडपट्टीत तर याहून जास्त. फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), १९९५ च्या यादीत नाव, १ जानेवारी २००० च्या आधीचं लाईट बिल, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पुनर्वसनाच्या यादीत, पात्र का अपात्र, हे शब्द ज्या बायकांना लिहितावाचता येत नाही त्यांना पण तोंडपाठ असतात. आग लागली तर पहिल्यांदा कागदाची पिशवी बाहेर येते. या माणसांना कोणी जाऊन सांगावं की हक्क हा भ्रम आहे. कटऑफ तारीख हे निव्वळ राजकारण आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, ती निवडणुका बघून पुढे सरकते हे पण कळतं, आणि तरीही ती तारीख एकदा जीआरमध्ये आली की त्यावर अडून बसायचं हे पण कळतं. दोन्ही एकदम कळतं. सीएलएसला यातलं पहिलंच कळलं.

बाबासाहेबांचं महाडचं उदाहरण तर आपल्या घरचं. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी घेतलं, त्याला आधार होता सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या बोले ठरावाचा आणि महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तर सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं, मनुस्मृती मात्र जाळली. एक कायदा जाळायचा आणि दुसऱ्याच्या मनाई हुकुमाला मान द्यायचा, हे एकाच परिषदेत! मग दहा वर्षं दावा चालवला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की अनादी काळापासूनची रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही. निकाल देणारे होते न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा दिली होती तेच. क्रिट चष्म्यातून बघितलं तर साम्राज्याचं कोर्ट, गोरा जज, समतेबद्दल चकार शब्द नाही, सगळा खल रूढी किती जुनी यावर. खरं आहे. पण जातीची सत्ता त्या दिवशी पुराव्याच्या नियमावर हरली, आणि जो माणूस त्या वेळी गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता त्याला कायद्यातलं राजकारण कमी कळत होतं असं कोणी म्हणू नये.

तर कायद्याचं स्वरूप सीएलएसने सांगितलं का? माझ्या मते त्यांनी कायद्याच्या एका खोलीचं वर्णन फार भेदक केलं, जिथे जज बसतो, आणि तीही अपिलाची खोली. तिथे शब्द खरंच ताणले जातात. पण कायदा बहुतेक वेळ त्या खोलीबाहेर असतो, सब-रजिस्ट्रारच्या काउंटरवर, वॉर्ड ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर, आणि तिथे तो चांगलाच कडक असतो, चांगल्यासाठी पण आणि वाईटासाठी पण. इंग्लंडचा कायद्याचा तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट याने १९६१ मध्ये म्हटलेलं, की नियमाला घट्ट गाभा असतो आणि कडेला धूसर पट्टा, ते मला आजही जास्त जवळचं वाटतं, फक्त हार्टने गाभ्यात कुणाचं हित कोंबलंय हे विचारलं नाही आणि केनेडीने फार वेळ कडेलाच काढला. बीआयआर गाभ्यात होता.

आणि धूसर पट्टा नेहमी धनिकांच्याच कामी येतो असंही नाही. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुलेंनी ऐन पावसात फूटपाथवरच्या लोकांना हलवायची घोषणा केली, त्यातून ओल्गा टेलिसची केस झाली. महापालिका कायद्याचं कलम ३१४ एकदम स्पष्ट होतं, आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण काढू शकतात. घटनेचं कलम २१ मात्र ऐसपैस, जीविताचा हक्क, एवढंच. १० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्या ऐसपैस शब्दात उपजीविका बसवली, आणि ३१४ रद्द न करता असं वाचलं की नोटीस न देणं हा अपवाद, देणं हा नियम. आणि त्याच निकालात हटवायला परवानगीही दिली, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणाले. सीएलएसवाले म्हणतात बघा, हक्क दिला आणि घर घेतलं, याहून चांगला पुरावा काय हवा. मी म्हणते पूर्ण वाचा. आजही बुलडोझर उभा असताना सकाळी साडेदहाला अर्जंट मॅटर मेन्शन केली की बेंचचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, नोटीस दिली होती का, आणि पालिकेचा वकील फाईल उलटायला लागला की आम्हाला दोन आठवड्यांचा स्टे मिळण्याची आशा वाटते. दोन आठवड्यांत लोक गावाहून १९९४ चं लाईट बिल शोधून आणतात.